निळ्या खोळीतला व्हॉल्व्ह

वडसा,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप खुशालमामांस,
हर्षाचा सा. न. वि. वि.

दसरा झाला, सोनं वाटून झालं. भाचीला मामाची आठवण कामापुरती येते, असं तुम्ही म्हणायच्या आत मीच कबूल करून टाकते. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामी मधे पडून निरोप देते तेव्हा तो तुमच्यापर्यंत भलताच होऊन पोहोचतो. चाळीस वर्षं लाऊडस्पीकरच्या तोंडाशी बसल्याचं हे बक्षीस. म्हणून पत्र.

चुन्नीलालजींच्या नाटक कंपनीत मला गिटार वाजवायला घेतलं, हे आईनं कळवलं असेलच. झाडीपट्टीच्या नाटकात गिटार, तीही पोरीच्या हातात, म्हणून मालकांनी पोस्टरवर माझं नाव जाडजूड अक्षरांत छापलं. आता तेच अंगाशी येऊन राहिलं आहे. नायिकेचं रडण्याचं गाणं सुरू झालं की माझी गिटार तिच्या आवाजावर चढते. काल तालमीत मालक सगळ्यांसमोर म्हणाले की हिची गिटार कानात खुपते, आणि जे नाटक बघताना बाया रडत नाहीत त्याला पुढच्या साली कोणतंच गाव बोलावत नाही. दिवाळीनंतर २ नोव्हेंबरला आपल्या गोरेगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, पहिला प्रयोग आहे. तोवर आवाज मऊ झाला नाही तर माझ्या जागी कीबोर्डवाला बसेल.

आवाज बारीक करून पाहिला, तर गिटार पार मरगळते. दोष माझ्या हातात नाही, अॅम्प्लिफायरमध्ये आहे. तो जुना, व्हॉल्व्हचा आहे. एसीचं डीसी करणारा त्याचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जीझेड चौतीस आहे. त्याच्या जागी फाइव्ह वाय थ्री बसवला तर आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होतो आणि सूर एकदम अंगावर न येता जरा दबून मग वर चढतो, असं वाचलं. नवा मागवला तर महिना जातो. तुमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या पत्र्याच्या पेटीत एखादा असेलच. मामा, ही जागा मी सोडणार नाही, एवढं नक्की.

मामीला नमस्कार. व्हॉल्व्ह नसला तरी माया पाठवा, ती मला चालते.

आपली भाची,
हर्षा


कामठा,
९ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हलक्या धानाची कापणी सुरू आहे आणि मला बांधीत कोणी उतरू देत नाही, म्हणून उत्तर लगेच लिहितो.

तू वाचलंस ते खरं आहे. जीझेड चौतीस हा कडक गडी, मागशील तेवढा करंट तत्काळ देतो. फाइव्ह वाय थ्री, ज्याला मी धाकटा म्हणतो, तो दम खातो. तार जोरात छेडलीस की दाब खाली बसतो आणि मग हळूहळू उठतो. आम्ही लाऊडस्पीकरवाले ह्याला खोट समजायचो. तुला ती खोट हवी आहे तर घे बापा.

एक अडचण झाली. दसऱ्याला हत्यारांसोबत माझे व्हॉल्व्हही पाटावर मांडून पूजायची आपली रीत तुला ठाऊक आहे. तुझी मामी त्यांना दरवर्षी ओल्या फडक्यानं लख्ख पुसते आणि मग हळदकुंकू लावते. इतके दसरे पुसून काचेवरचे नंबर पार उडाले. मी तिला त्यावरून चांगलंच बोललो. ती विळा उचलून कापणीला निघून गेली. कापणीच्या घाईत पाट अजून उचललेला नाही, त्यावर धाकटे आहेत आणि त्यांच्यातच मिसळलेले थोरले, म्हणजे फाइव्ह यू फोर. दोघांचे पाय सारखे, एकाच सॉकेटात बसतात. सडसडीत आहे तो धाकटा, असं ओळखून पाठवतो आहे. कान गेले असले तरी माझी नजर शाबूत आहे.

प्लग काढून, सेट पूर्ण थंड होऊ दे आणि मगच व्हॉल्व्ह बदल. आत हात घालायचा नाही, बंद सेटही झटका देतो. सुरू केल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर तळवा ठेवून बघत राहा. हात ठेववेना झाला तर तिथेच बंद कर.

कानानं ऐकायचा लोभ आता माझ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो कागदावर ठेवत जा.

तुझा मामा,
खुशाल


वडसा,
१५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

पार्सल धानाच्या तणशीसकट धड पोहोचलं. तुम्ही सांगितलं तसंच केलं. आवाज थोडा मऊ झाला, पण मला हवा तेवढा नाही. आणि वीस मिनिटांत ट्रान्सफॉर्मर इतका तापला की तळवा टेकवेना. वासही येऊ लागला. मी तत्काळ बंद केला. मामा, राग मानू नका, पण हा धाकटा नसावा.

मालक तिथेच होते. त्यांनी सरळ सांगितलं की अब खेल बहुत हुआ, कीबोर्डवाल्याला तालमीला बोलावून घेतो. मी म्हटलं की बोलवा, पण पहिल्या प्रयोगापर्यंत माझी खुर्ची काढू नका. ते हसले. हसले म्हणजे हो, असं मी धरून चालले आहे. जुना व्हॉल्व्ह लावून मी रोज तेच गाणं वाजवते आहे, बोटं सोलली तरी.

दुसरा व्हॉल्व्ह असेल तर पाठवा. नसेल तर तसं लिहा, मी नागपूरचं एकेक दुकान पालथं घालीन.

रागावलात तरी पत्र धाडाच, तुमच्या रागाशिवायही मला करमणार नाही.

आपली,
हर्षा


कामठा,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षास,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी. तुला पाठवला तो थोरला होता. त्याला स्वतःचीच वात तापवायला धाकट्याच्या दीडपट करंट लागतो, म्हणून तुझा ट्रान्सफॉर्मर तापला. वेळेवर बंद केलास म्हणून वाचला. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आता खरी गोष्ट ऐक. मामीनं प्रत्येक व्हॉल्व्हला जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवलेल्या आहेत. काच फुटू नये म्हणून शिवल्या असतील असंच मी इतकी वर्षं समजत आलो. तुझं पत्र वाचून डोकं धरून बसलो, तेव्हा ती पेटी घेऊन आली. रेडिओतून निघालेले व्हॉल्व्ह निळ्या खोळीत आणि लाऊडस्पीकरच्या मशिनीतले लाल खोळीत, असं ती पहिल्यापासून ठेवत आली आहे. रेडिओत धाकटा असायचा आणि मशिनीत थोरला. तिला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, पण कोणता कशातून निघाला ते पक्कं ठाऊक. पूजेला ती खोळी काढते आणि मग पुन्हा ज्याची त्याला घालते. मी मधेच पाटावरून उघडा उचलला. पार्सल बांधताना माझ्या हातात थोरला आहे हे तिनं पाहिलं होतं. मग काऊन नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

निळ्या खोळीतला धाकटा खोळीसकट पाठवतो आहे. हा पोटाळ, मधे फुगीर आहे. मी सडसडीत म्हणत होतो.

दिवाळीला मामीसाठी दोन ओळी वेगळ्या लिही, मला आलेल्या पत्रात तिचं नाव शेवटी येतं हे तिच्या लक्षात आलं आहे.

मामा


वडसा,
२५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामी आणि मामांस,
हर्षाचा सा. न. वि. वि.

मामी, यावेळी तुमचं नाव आधी.

धाकटा बसला. तासभर वाजवलं, ट्रान्सफॉर्मर कोमटच राहिला. आवाज कसा झाला ते मामांना कसं सांगू? आधी तार छेडली की सूर दारात येऊन थडकायचा. आता तो आधी उंबऱ्यात थबकतो, मग आत येतो. नायिका श्वास घेते तेवढ्या जागेत तो मावतो. मी जोर कमी केला की तो स्वच्छ होतो, जोर लावला की जरासा फाटतो, रडवेल्या गळ्यासारखा. मला हाच हवा होता.

मालकांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले की तालमीत चांगलं सगळ्यांचंच होतं, फैसला गोरेगावात, बाया बसतात त्या बाजूकडे बघून. कीबोर्डवाला विंगेत तयार बसणार आहे. बसू दे. मी घाबरले आहे, पण खुर्ची सोडून उठणार नाही.

तुम्ही दोघं या. मामांना ऐकू येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी या. तुमच्या पायांचा आवाज झाला तरी मला बळ येईल.

तुमची,
हर्षा


कामठा,
४ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षास,
अनेक अनेक आशीर्वाद.

प्रयोग संपल्यावर तुमची गाडी लगेच पुढच्या गावाला निघाली, त्यामुळे बोलणं झालं नाही. जागा पक्की झाली हे तू गाडीतून हातानं खूण करून सांगितलंस. पण ती केव्हा पक्की झाली हे तुला माहीत नाही. तू डोळे मिटून वाजवत होतीस, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे मी सगळीकडे बघत होतो.

गाणं सुरू झालं तेव्हा तुझे मालक विंगेच्या कडेला उभे होते. स्टेजकडे त्यांची पाठ होती, नजर बायांकडे. पहिल्या कडव्याला बाया शेंगदाणे खात होत्या. दुसऱ्याला पुड्या मांडीवर राहिल्या. मग एकीनं पदर तोंडाला लावला आणि ते पार शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मालक वळले आणि कीबोर्डवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. त्या भल्या माणसानं मान हलवली आणि कीबोर्डाच्या पायांची घडी घातली. गाणं अजून अर्धं बाकी होतं.

तुझी मामी माझ्या शेजारीच बसली होती, मी तिला बायांच्या बाजूला जाऊ दिलं नाही. गाणं चालू असताना मी तिला कोपरानं ढोसून सारखा विचारत होतो की आवाज कसा आहे, मऊ झाला का, नायिकेवर चढतो का. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही. माझा हात झटकून टाकला. मला वाटलं, व्हॉल्व्हची चूक अजून मनात धरून आहे.

परतीला एसटीत मी पुन्हा विचारलं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सगळी गाडी वळून पाहील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "रडून रायली होती ना मी! बोलू कशी?"

हर्षा, माझे कान गेले तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. धंद्यात असंच होतं, म्हणून सोडून दिलं होतं. परवा वाटलं.

तुझा,
खुशालमामा