चांदीचे चार हंस

नाशिक,
३ सप्टेंबर २०२३

चि. सौ. योगिनी हिस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. रविवारी व्हिडिओवर श्रुती तुझ्या मांडीत असते आणि मागे आशुतोषराव चहाचा कप घेऊन उभे. बायकांचं बायकांशी बोलायचं राहूनच जातं. म्हणून म्हटलं, आपलं पोस्ट बरं.

सोबतच्या डबीत माझ्या लेकीचे, चित्राचे पैंजण आहेत, तिच्या लग्नात केलेले. आमच्याकडची एक रीत तुला तुझ्या आईने सांगितली नसेल, तिचा काय दोष म्हणा. दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीचा टाक गळ्यात घालते. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर तिचं रूप उठवायचं, तो मंगळसूत्राशेजारी बांधायचा आणि हळदीकुंकवाचं पहिलं बोट तिला लावायचं. मग गेलेली रागावत नाही, पोराबाळांवर नजर ठेवते. तुला तर सोनाराकडेही जायला नको, घरचीच कारागीर! श्रुतीने परवा तुझे ते आयर्लंडचे दागिने दाखवले. कावळे काय, मासे काय, हंस काय. आपले तेहेतीस कोटी कमी पडले वाटतं? चेष्टा केली हो. हात सुबक आहे तुझा.

पोरीच्या डोक्याला तेल लावतेस ना? चित्राने कधी तिचे केस कोरडे राहू दिले नव्हते. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण मला अजून तेच दिसतं.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही राहू दे.

तुझी,
सुचेताकाकू

फेल्डहोवन,
२४ सप्टेंबर २०२३

ती. स्व. सुचेताकाकूंस,
शि. सा. न. वि. वि.

डबी पोचली. पैंजण खरंच सुंदर आहेत. टाकाचं मात्र माझ्याकडून होणार नाही, काकू. चित्राताईंचा फोटो हॉलमध्ये आहे, श्रुती रोज झोपताना त्यांना ‘स्लाप लेकर’, म्हणजे छान झोपा, म्हणते आणि मी शेजारी उभी असते. पण गेलेल्या माणसाच्या धाकाने मी गळ्यात काही बांधणार नाही. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, त्या माझ्यावर कशाला रागावतील?

तुम्ही हंसांची थट्टा केलीत, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. मी इथे आले तेव्हा दिवस खायला उठायचा. आशुतोष ऑफिसात, श्रुती शाळेत, आणि मला इथल्या डच भाषेचा गंध नाही. शेजारची एक आयरिश बाई मेणात कोरून चांदी ओतायचं शिकवायची. हात चालायचे तिचे आणि तोंडाने त्यांच्याकडच्या जुन्या कहाण्या. लीर राजाची बायको गेली, चार मुलं मागे राहिली. राजाने दुसरी केली. तिला मुलांचा मत्सर वाटला. तिने त्यांना तळ्यावर आंघोळीला नेलं आणि पाण्यात उतरल्यावर मंत्र घालून त्यांचे हंस केले. नऊशे वर्षं ती पोरं थंड पाण्यात गात राहिली. माझे हे चार हंस सगळ्यात जास्त खपतात. श्रुतीनेही हट्टाने एक गळ्यात घातला आहे. सावत्र आईचा भाग मी तिला सांगितलाच नाही. तिला वाटतं, हंस होणं म्हणजे मजाच.

इथे जिकडे तिकडे कालवे, त्यामुळे मुलांना पोहता यावंच लागतं. डिसेंबरात तिची परीक्षा आहे, कपडे-बूट घालून पाण्यात उडी मारायची. सायकलवरून मीच नेते. आणि काकू, परवा तापात तिने मला आई म्हणून हाक मारली. एरवी योगू म्हणते. मला या देशात दुसरं काही नको, ती हाक तेवढी हवी. तुम्हाला हे वाचून त्रास होईल, तरी लिहिते.

तब्येत जपा आणि रागावला असाल तर तो राग ठेवू नका.

आपली,
योगिनी

नाशिक,
२२ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. योगिनी हिस,
अ. उ. आ.

छे, छे, त्रास कसला? तापात माणूस काहीही बरळतं. चित्रा लहानपणी तापात मांजरालाही आई म्हणायची.

तुझी गोष्ट फार आवडली. गेल्या रविवारी तू भाजी आणायला गेली होतीस ना, तेव्हा श्रुतीला मी ती पुरी सांगितली. मुलांना अर्धवट गोष्टी सांगू नयेत, बाई, मग ती फसतात. मी काही वावगं बोलले नाही हो. एवढंच विचारलं की, त्या मुलांना पाण्यावर कोणी नेलं होतं? हुशार आहे पोर. गळ्यातल्या हंसाला हात लावला. मग मला म्हणाली की योगू पण मला पाण्यावर नेते. मी म्हटलं, बघ बाई, तुझं तूच काय ते समज.

टाक तू करत नाहीस, राहिलं. पैंजण जपून ठेव, ते श्रुतीचे आहेत.

दिवाळीचा फराळ धाडते. चकलीला नावं ठेवू नकोस आणि मला विसरू नकोस.

तुझी,
सुचेताकाकू

फेल्डहोवन,
२६ नोव्हेंबर २०२३

श्रीमती सुचेताबाईंस,
नमस्कार.

श्रुती पाण्यात उतरत नाही. तलावाच्या काठावर तिने असा टाहो फोडला की शिकवणारा मुलगा घाबरून बाजूला झाला. हंस तिने कालव्यात फेकला. घरात शॉवर सुरू केला की दाराला पाठ लावून उभी राहते, दोन्ही हात मानेवर, पिसं येतायत का बघत. आठ वर्षांची पोर हो! तुमच्या स्वतःच्या लेकीची लेक, आणि तुम्ही तिला ती गोष्ट अशी ऐकवलीत! किती दिवस तिने अंगाला पाणी लागू दिलं नाही. शाळेतून विचारणा झाली. शेवटी मला एक युक्ती सापडली. आता ती डोकं धुऊ देते, पण फक्त माझ्याकडून.

तुमचे पैंजण जपून ठेवायचे होते ना? मी ते मुशीत घातले. चित्राताईंचे घुंगरू वितळायला वेळ लागला नाही. त्यांचे कावळे ओतले. आयरिश लोकांत मॉरिगन नावाची रणदेवी आहे, ती कावळा होऊन प्रेतांवर बसते. बाजारात हातोहात गेले. ग्रोनिंगनच्या एका बाईने तर एक कावळा कुत्र्याच्या पट्ट्याला लावायला घेतला. तुमची रीत पाळली म्हणा, फक्त गळा वेगळा निघाला.

लोभ मागत नाही. तुमच्याकडे तो कधी नव्हताच.

योगिनी

नाशिक,
७ जानेवारी २०२४

चि. योगिनी हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी देवघरात बसून होते. वाचलं आणि बसूनच राहिले. ते पैंजण घालून ती या घरातून गेली होती गं. जाताना जिन्यावर वाजले होते.

मग डोळे पुसले आणि आशुतोषरावांना फोन लावला. तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, कुत्र्याचा पट्टा दोनदा. ते ढसाढसा रडले. बायको गेली तेव्हाही इतके रडले नव्हते. मी काय केलं तेही तुझ्याच पत्रात होतं, पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. पुरुषाला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते. श्रुतीचं नाव तुमच्या त्या गेमेंटेतून, नगरपालिकेतून कमी करून ते तिला इथे आणून सोडतायत. इथल्या शाळेत मी बोलून आले. ती योगूला सोडून येत नाही म्हणून हट्ट करते म्हणे. मुलं रडतात आणि विसरतात.

तू पेटी नीट भर. लोकरीचे कपडे नकोत.

देव तुला सुबुद्धी देवो.

सुचेता

नाशिक,
१४ एप्रिल २०२४

चि. सौ. योगिनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. हे पत्र फाडू नकोस.

पोर आल्यापासून डोक्यावर पाणी घेत नाही. ओल्या फडक्याने मीच तिचं अंग पुसते, तेही ती झोपली की. ऊन मी म्हणतंय, घामोळं चिघळलंय, केसांत जट झालीय, उवा झाल्यायत. बादली भरल्याचा आवाज आला की पलंगाखाली शिरते. मी धरून बसवलं तर माझ्या हाताला चावली. मला म्हणते की गोष्ट तू सांगितलीस, म्हणजे मंत्र तुलाच येतो. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वेळ द्या. केस कापायला माणूस बोलावला तर फेफरं आल्यासारखी झाली.

विचारलं की एकच सांगते, योगू करते तसं कर. काय करते ते सांगत नाही. आशुतोषरावांना ठाऊक नाही, ते ऑफिसात असायचे. माझं चुकलं, योगिनी. मला माझी चित्रा परत हवी होती आणि मी पोरीच्या डोक्यात भय घातलं. मी हात जोडते, पाया पडते, वयाचा मान राखू नकोस, पण तू ते कसं करतेस तेवढं कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सुचेताकाकू

फेल्डहोवन,
५ मे २०२४

ती. स्व. सुचेताकाकूंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फाडलं नाही, उलट पुन्हा पुन्हा वाचलं. इकडे सर्व क्षेम आहे. ट्यूलिप होऊन गेले. आशुतोष आणि मी एका घरात राहतो, जेवणाची वेळ सांगण्यापुरतं बोलतो. मला हंसांची मोठी ऑर्डर आली आहे, बोटं सोलवटून निघाली आहेत.

श्रुती पलंगाखाली शिरते हे वाचलं. मी चालत कालव्यापर्यंत गेले आणि परत आले. फोन हातात घेतला होता. नंबरही लावला होता, तुम्ही उचलायच्या आत ठेवला.

तुम्ही विचारलंत ते अगदी साधं आहे. त्याला ना औषध लागतं, ना डॉक्टर. तुमच्या घरात आत्ता आहे तेवढ्या सामानात, कुणालाही पहिल्याच दिवशी जमेल. ती हसेल आणि पाणी घेईल.

पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर ती तिथे राहील. नाही सांगितलं तर कधी ना कधी आशुतोषला तिला माझ्याकडे आणून सोडावंच लागेल, आणि ते विमान येईपर्यंत तिने पलंगाखाली राहिलेलं मला चालेल.

तिला माझे पापे द्या. तब्येतीला जपा, पोरीला सांभाळायचं तुम्हालाच आहे.

आपली,
योगिनी