चौथ्याची बाबागाडी आणि वॉल्टरभावजींचा रंधा

बर्नली,
१० फेब्रुवारी १९७२

प्रिय डोरीनताई,

तुला आणि वॉल्टरभावजींना माझा व क्लिफर्डचा नमस्कार, आणि तिन्ही कार्ट्यांचे पापे (नायजेलचा जॅमसकट आहे, खालच्या कोपऱ्यात डाग दिसेल). तुझा गुडघा काय म्हणतो? पर्थला म्हणे सध्या भर उन्हाळा आहे आणि लोक नाताळचं जेवण समुद्रावर बसून जेवतात. जेवोत बापडे. आम्ही इथे अगदी मजेत आहोत. दोरीवर टाकलेली क्लिफर्डची पँट काल गोठून काठीसारखी ताठ झाली, ती भिंतीला टेकवून ठेवली तर ट्रेव्हर तिला "बाबा" म्हणून हाक मारून आला. मला आठवा लागलाय, पाय सुजलेत, पण ते आपल्या आईचेही सुजायचे. माझी काळजी करू नकोस. पत्र लिहायला तसं कारण काहीच नाही, आपलं सहज.

तर झालं असं, की आपली जुनी निळी बाबागाडी वारली. तुझ्या केनेथची, मग आमच्या जुळ्यांची, मग नायजेलची. म्हणजे आयुष्य भरपूर झालं होतं, तक्रार नाही. पण जायची काही रीत? नाताळानंतरच्या मंगळवारी, चर्चकडून खाली येणाऱ्या त्या उतारावर, तिचं पुढचं चाक निखळलं आणि आमच्यासाठी न थांबता एकटंच पुढे निघून गेलं, ते थेट चिप्सवाल्याच्या दुकानात. गाडीत नायजेल, एका हाताला ट्रेव्हर, दुसऱ्याला ग्लेनिस, आणि पोटात हे चौथं. ग्लेनिस चाकामागे धावली, ट्रेव्हरने रस्त्यात बसकण मारली, नायजेल टाळ्या वाजवायला लागला. चिप्सवाला चाक घेऊन बाहेर आला आणि काय म्हणावं त्याने? "बाई, आता तुम्हाला बाबागाडी नको, बस घ्या बस. डबल डेकर." लोकांना दात काढायला काय जातं! पण घरी येऊन मी विचार केला, की एप्रिलात चार पोरं आणि दोन हात. तू होतीस तेव्हा जुळे तुझ्याकडे आणि नायजेल माझ्याकडे. दोघींचे मिळून चार हात होते, त्यामुळे हा हिशोब कधी करावाच लागला नाही. तू गेल्यापासून मी बागेत एकदाही गेलेले नाही. (बाग काही पळून जात नाही म्हणा.)

मग शनिवारी आम्ही वऱ्हाड घेऊन एंटविसलच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्याने आधी ती मोठ्या चाकांची, काळी, राजघराण्याला शोभेलशी गाडी काढली. तिच्यात दोघं समोरासमोर बसतात. आमच्या जुळ्यांनी समोरासमोर बसताक्षणी एकमेकांच्या पोटात लाथा घातल्या. दुसऱ्या गाडीत एकामागे एक बसायचं. मागच्याला आयुष्यभर पुढच्याची टोपी बघावी लागणार हे कळल्यावर ट्रेव्हरने ती टोपीच चावली. तिसरी मात्र रुंद, शेजारी शेजारी दोन जागा, पुढे एक छोटं आसन आणि वर तान्ह्यासाठी टोपली. एंटविसल म्हणाला, "यात अख्खं बिऱ्हाड मावतं." मी अजून किंमत विचारतेय, तोवर तिघंही चढून बसले होते आणि ग्लेनिस तर चक्क झोपली. उतरवायला गेलो तर नायजेलने असं भोकाड पसरलं, की बाहेरचा पोलीस आत डोकावला. म्हणजे निवड मी केलीच नाही, पोरांनी बसून केली.

आता तुला माहीतच आहे, बाळ जन्मायच्या आधी बाबागाडी उंबऱ्याच्या आत आणायची नाही. क्लिफर्ड म्हणतो, असल्या खुळचट गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण एंटविसल "उद्या घरी पोचवतो" म्हणाला मात्र, हा असा किंचाळला, "घरी नको!" की पोलीस परत डोकावला. मागच्या दोन्ही वेळा गाडी तुझ्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली राहिली होती. आता तुझ्या घरात ऑग्डेनबाई राहतात. त्या गाडी ठेवून घ्यायला तयार झाल्या. पण एवढी रुंद गाडी आपल्या दारातून जाईल का, हे आत न नेता कळावं कसं? घोडं तिथे अडलं. तेव्हा आमचा उंटावरचा शहाणा म्हणाला, "अगं, दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली, भिंतीला भिंत लागून. शेजारी गेली म्हणजे आपल्याकडेही जाणार." गाडी आणली, ऑग्डेनबाईंच्या दारातून लोटली, आणि ती कुठेही न घासता आत गेली. क्लिफर्ड तर तिची पाठ थोपटत होता.

तेव्हापासून मी रोज दुपारी "गाडी बघायला" तुझ्या घरी जाते. बाई वाईट नाहीत. चहा पाणचट करतात, पण मनाने चांगल्या आहेत. तुझा गुलाबांचा भिंतीवरचा कागद अजून तसाच आहे. स्वयंपाकघराच्या दाराला केनेथच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघाही आहेत. मी खिडकीपाशी त्या रिकाम्या गाडीची मूठ धरून बसते आणि ऑग्डेनबाईंना वाटतं, ही बाळाच्या विचारात आहे. मागच्या आठवड्यात आमच्या घरी चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने चुलीच्या सळईने मधल्या भिंतीवर तीनदा ठोकलं, आपण ठोकायचो ना, "ये गं, किटली ठेवलीय" म्हणून, तसं. बिचाऱ्या ऑग्डेनबाई टॉवेल घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, कळा सुरू झाल्या. मी म्हटलं, चुकून हात लागला. मग आम्ही दोघींनी चहा घेतला आणि मला उगाचच रडू आलं. अशा दिवसांत येतंच म्हणे.

आणि आता मुख्य फजिती ऐक. गेल्या शनिवारी बोलता बोलता बाई म्हणाल्या, "तुमच्या मेव्हण्यांनी जाताना चौकट तासून दार रुंद केलं, ते किती सोयीचं झालं हो." माझ्या हातातला कपच निसटला. खरंच की गं! तुम्ही निघालात त्या दिवशी आईचं कपाट दारातून निघेना, म्हणून भावजींनी रंधा मारला होता. मी तिथेच होते. कपाटाचा खण छातीशी धरून मी अशी रडत होते, की दाराकडे बघितलंच नाही. क्लिफर्ड दोरी घेऊन आला, दोन्ही दारं मोजली. आमचं दोन बोटं अरुंद! तुझं सामान बाहेर जावं म्हणून जे दार मोठं केलं, त्यातून माझी गाडी आत गेली, आणि माझ्या स्वतःच्या घरात ती येऊ शकत नाही. क्लिफर्ड म्हणतो, आता चौघांना गाडीसकट फुटपाथवरच वाढवू.

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. केनेथला शाळेत मित्र मिळाले का ते कळव. स्वतःला जप.

तुझी धाकटी,
विनी

ता. क. : भावजींना विचार, तो रंधा त्यांनी पेटीत घालून तिकडे नेला का? नेला असेल तर पाठवता येईल का? लाकूड जुनं आणि चिवट आहे, त्याला तोच रंधा हवा, असं क्लिफर्डचं मत आहे.

ता. क. दुसरा : पोस्टाने मात्र पाठवू नका. पोस्टवाले आपटतात. कुणी येणारं असलं तर त्याच्या हातीच यावा. बोटीला चार आठवडे लागतात, असं मी चौकशी करून ठेवलंय (सहजच). एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत पोचला तर फार बरं होईल. म्हणजे रंधा.

ता. क. शेवटचा : क्लिफर्डने आत्ता हे पत्र वाचलं आणि म्हणाला, माझ्या नावावर कसली मतं खपवतेस? ताई, खरं सांगते. त्याने रविवारीच भावाकडून रंधा आणून आमची चौकट तासली. मी दोरीने दोनदा मोजून बघितलं, गाडी खुशाल आत येईल. रंधा नकोय गं. तू ये.