संध्याकाळी घरी पाठवा

शनिवार, २३ तारीख
सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आता तुला आशीर्वाद द्यायचे की तुझ्याकडून घ्यायचे, ते तिथे कुणाला तरी विचारून कळव. अंगावर चीवर आलं म्हणून मी काही तुला अहो-जाहो करणार नाही. तुझं नाक मी पुसलंय.

इकडे सगळं ठीक. आईचं खाणं ठीक, झोप मात्र आम्हा दोघींचीही यथातथाच. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी पुन्हा जिन्यात सायकल लावली आणि मी पुन्हा भांडले. मोरीचा नळ गळतोय. तुझा फोन विहारात जमा आहे म्हणून हे सगळं लिहीत बसायचं. बोलून दोन मिनिटांत झालं असतं.

एक गंमत सांगते. आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये मालकांना कुणीतरी पटवलं, की कामगार ध्यानाला बसले की कामात चुका कमी होतात. झालं! सोमवारी एक प्रशिक्षक हजर, कानाला माइक लावून. म्हणाले, "फक्त श्वासाकडे पाहा, बाकी सगळं जाऊ द्या." आम्ही सगळ्याजणी आज्ञाधारकपणे डोळे मिटून बसलो. बाकी सगळं म्हणजे काय, तर नुकतंच कालवलेलं प्लास्टर! ते थोडंच कुणासाठी थांबतंय? डोळे उघडले तर प्रत्येकीच्या वाडग्यात धोंडा. जबड्यांची मापं वाया गेली, ती माणसं पुन्हा बोलवावी लागली. मालक तांबडेलाल. त्यावर प्रशिक्षक म्हणतात कसे, "रागाकडेही फक्त पाहा." मालकांनी रागाकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ध्यान बंद.

मला काही श्वासाकडे पाहता आलं नाही. डोळे मिटले की गॅस बंद केला का, आईनं दाराची कडी काढली नसेल ना, शेजारच्या काकू तिच्यापाशी बसल्या असतील की टीव्हीसमोर, हेच सुरू. पाय हलत होता तो हलतच राहिला. हे लिहितानाही मी दोनदा उठून आलेय. दोन्ही वेळा कडी जागेवरच होती.

बरं. तुझं पत्र मिळालं. म्हणजे मिळून बरेच दिवस झाले.

दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेलास, पिशवीत दोन शर्ट टाकून. आधी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू झालास, आम्ही म्हटलं शिकतोय, शिकू दे. आता उपसंपदा घेऊन कायमचा भिक्खू व्हायचंय आणि त्यासाठी आईवडिलांची परवानगी पाहिजे. बाबा नाहीत, तेव्हा आईची. पत्रासोबतचा तुझा फोटो मी तिला दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "तापात केस गेले का गं याचे?"

आपल्या इथले म्हातारे भंते स्वतः घरी आले. परवानगी समोर बसून ऐकायची असते म्हणाले. आईला नीट, सावकाश विचारलं, "आई, तुमचा मुलगा घर सोडून भिक्खू होतोय. जाऊ देता ना?"

आई लगेच म्हणाली, "जाऊ द्या की. पण संध्याकाळी घरी पाठवा."

मला हसू फुटलं. भंतेही हसले. पण मग ती उठून दारापाशी जाऊन उभी राहिली, तुझी वाट बघत. तिला परत आणून बसवायला मला किती समजवावं लागलं, ते भंतेंनी पाहिलं.

जाताना म्हणाले, "ही परवानगी धरता येणार नाही. समजून दिलेली नाही. त्याला वाढवलंत तुम्ही, तेव्हा आता तुम्हीच सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिकडे तसं कळवीन."

मी विचारलं, "रागात दिलेला होकार चालतो का?"

"चालतो," म्हणाले. "पण राग तुमच्याकडेच राहतो. तो आम्ही नेत नाही."

मला त्यांचाही राग आला. मग वाटलं, निदान हा माणूस गोड बोलत नाही. तू पानभर करुणा लिहिलीस. सगळ्या प्राणिमात्रांविषयी! प्राणिमात्रांत आई येते ना रे? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? अंघोळ घालताना ती मला चावते, धाकट्या. कवळी मीच करून दिलेली, बसलीयेही फक्कड. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण कुणी काढली त्याच्या घरी अशीच आई असणार.

तू ढोंग करत नाहीस, हे मला माहीत आहे. त्या नोकरीत तुझं काय झालं होतं ते मी पाहिलंय. घास तोंडाशी नेऊन तसाच परत ताटात ठेवायचास. फोटोतला तुझा चेहरा पाहून मला आधी खूप बरं वाटलं. मग मत्सर वाटला. हो, मत्सरच.

आता टाळत होते ते सांगते. मालक दुसऱ्या शहरात लॅब काढतायत आणि ती मी सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. राहायला खोलीही देणार. तू शिबिराहून आलास की सांगायचं ठरवलं होतं. तू ताजातवाना होऊन येशील, आईजवळ थांबशील आणि मी जाईन, असा माझा हिशेब. तू आलाच नाहीस. मालक रोज विचारतात, मी रोज "बघते" म्हणते. महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत.

तर ऐक. माझी तुला परवानगी आहे. रागासकट आहे, पण खरी आहे. हे पत्र टाकायच्या आधी भंतेंना तसं सांगून येणार आहे, म्हणजे मला शब्द फिरवता यायचा नाही.

आणि आता मी विचारते. मलाही घर सोडायचंय. मला निर्वाण वगैरे नको. कुणी हाक मारणार नाही अशी एक खोली पुरे. बाबा नाहीत, आईला कळत नाही, तेव्हा माझ्या घरात परवानगी देणारं माणूस तूच उरलास. जाऊ का मी?

दोघंही गेलो तर आईचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू नाही म्हणालास तर मी राहीन, आणि तुला दिलेला होकार तरीही तसाच राहील. फक्त उत्तर गुरूंना विचारून देऊ नकोस. मंगल होवो, सुखी होवो, असलंही काही लिहू नकोस. हो किंवा नाही, तुझ्या स्वतःच्या अक्षरात.

अजून तरी घरातच असलेली,
तुझी ताई