बेंदराची कात्री

आबा, तुमच्या हातांची मला अजून किळस येते. तुम्हाला जाऊन दहा वर्षांवर झाली. गेलेल्या बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण हे तुम्हालाच सांगायचं आहे, आणि तुम्ही असता तर समोर बसून बोलायची माझी छाती झाली नसती. फौजेतून आल्यावरही तुम्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचात. नखं कायम कापलेली. इतके स्वच्छ हात उंब्रजमध्ये दुसऱ्या कुणाचे असतील असं मला वाटत नाही. त्याच हातांनी तुम्ही दर बेंदराला राघूचे पंख कापायचात.

सकाळी परड्यात बैलांची शिंगं साळून व्हायची, रंग लागायचा, झुली चढायच्या. मग तुम्ही हात धुऊन स्वयंपाकघरात यायचात आणि आईकडे शिवणाची कात्री मागायचात. जनावरांचं जे काय करायचं ते त्या दिवशी करायचं, हा तुमचा नियम, आणि राघू तुमच्या लेखी जनावरातच. दादा त्याला टॉवेलात गुंडाळून धरायचा आणि एक पंख बाहेर काढायचा. तुम्ही ती लांब हिरवी पिसं हातातल्या पत्त्यांसारखी पसरून एका रेषेत कापायचात आणि तोंडाने 'झालं, झालं राजा' म्हणत राहायचात. कापून झालं की पहिली पुरणपोळी बैलांना आणि दुसरी, तुपात कुस्करलेली, राघूला. शेजारच्या बायका कौतुक करायच्या, आबांचा लय जीव हाय पाखरावर. तुम्ही नुसते हसायचात. त्या तुपाचा वास मला अजून सहन होत नाही.

एका वर्षीचं तर विसरताच येत नाही. मी नुकतीच दहावी पास झालेय. आई तव्यावरची पोळी उलटतेय. तुम्ही तिसरं का चौथं पीस कापता आणि राघू असा ओरडतो की आईच्या हातातलं उलथनं खाली पडतं. कापलेल्या पिसाच्या नळीतून रक्त येतंय, टॉवेलावर, फरशीवर, तुमच्या त्या स्वच्छ बोटांवर. तुम्ही हळद दाबून धरता. रक्त थांबतं. आता तरी सोडतील असं मला वाटतं, पण तुम्ही दुसरा पंख ओढून घेता, कारण एकच कापला तर पाखरू तिरकं पडतं म्हणे. मी रडत रडत म्हणते, राहू द्या की आबा. तुम्ही वर न बघता म्हणता, "नखं कापल्यागत हाय ते. उडून गेला तर कावळं टोचून मारतील त्याला. माया कशी करत्यात ते तुला कळायचं न्हाई अजून." मग तुम्ही हात धुता, पाटावर बसता आणि कटाच्या आमटीचा भुरका मारता. सगळे जेवतात.

कुणी वाचलं तर म्हणेल, बाईमाणसाला पंख कापलेल्या पाखराचं दुःख लवकर कळतं. तसलं काही नाही. माझे पंख तुम्ही कधी कापले नाहीत. भावकीतले लोक स्थळं घेऊन सोप्यात बसलेले असताना तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून कराडला कॉलेजात सोडलंत. मला सांगलीत नोकरी लागली तेव्हा आई डोळे पुसत होती आणि तुम्ही म्हणालात, जा, दर रविवारी यायलाच पायजे असं काय न्हाई. म्हणून तर जास्त किळस येते. एखाद्या दुष्ट माणसाने हे केलं असतं तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुमच्याबाबतीत तेही जमत नाही.

तुम्ही गेल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. बैल तुमच्या देखतच विकले गेले होते, दारात ट्रॅक्टर आला होता, बेंदराला मातीच्या बैलांपुढे नैवेद्य ठेवला जायचा. पण राघू होता ना जिवंत. दादाने कात्री हातात घेतली. तुमच्या श्राद्धाला त्याला एखाद्या वर्षी सवड झाली नाही, हे मात्र त्याने कधी चुकवलं नाही. आबांचं हाय ते, चालवाय पायजे, असं म्हणायचा. वहिनी त्याचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकायची आणि खाली सगळ्यांचे जोडलेले हात यायचे. कात्री दिसली की राघू आपण होऊनच 'झालं, झालं राजा' म्हणायला लागायचा, हुबेहूब तुमच्या आवाजात. त्यावर लोक हसायचे. मी तो व्हिडिओ कधी शेवटपर्यंत बघितला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाने नवा बंगला बांधला. पांढऱ्या फरशीवर घाण नको म्हणून राघू माझ्याकडे सांगलीला आला, बेंदराला घेऊन यायच्या बोलीवर. मी त्याला पाखरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी आधी मलाच झापलं, आपल्याकडचा पोपट पाळणं गुन्हा आहे हे माहीत नाही का म्हणून. मग पंख उघडून समजावून सांगितलं. कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याचा खुंट तसाच राहतो. पाखरू पिसं झाडायला लागलं की तो गळतो, आणि त्या जागी रक्ताने भरलेल्या नळीतून नवं पीस वर येतं. पुरतं वाढलं की आतलं रक्त आटतं. आणि हे पिसं झाडणं उन्हाळा सरता सरता सुरू होतं. म्हणजे बेंदराच्या तोंडावर, आबा. नळ्या रक्ताने भरायच्या नेमक्या तेव्हाच दरवर्षी तुमची कात्री निघायची. बाई म्हणाल्या, सगळी पिसं आली की मला कळवा, आपण त्याला वन खात्याच्या केंद्रात देऊ. बाहेर सोडण्यासारखा नसला तरी मोठ्या जाळीत त्याच्या जातीच्या पाखरांबरोबर उडेल तरी. मी हो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

पहिल्या बेंदराला मी राघूला बरं नाही अशी थाप मारली. त्या पावसाळ्यात थोडीच पिसं आली, त्यातलंही एक मोडलं. शेजारी आधाराला पीस नसलं की एकट्याचा टिकाव लागत नाही. यंदा दादा स्वतःच आला, हातात पोळ्यांचा डबा आणि खिशात कात्री. राघू पिंजऱ्यावर बसला होता. मी मध्ये उभी राहिले. दादा म्हणाला, "सरक बाजूला. उडाला तर आबांचं येवढं बी ऱ्हायचं न्हाई आपल्याकडं." मी म्हटलं, काप, पण आधी काय कापतोस ते बघ. राघूला मी टॉवेलात धरलं, पंख खिडकीच्या उजेडात उघडला आणि ती जांभळट नळी त्याला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग खुर्चीवर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "मी धरायचो तवा डोळं मिटून घ्यायचो. आता कापताना बी मिटतो." इतकी वर्षं तुमच्या लेकाने डोळे मिटून कात्री चालवली. मला त्याचीही किळस आली, आणि त्याला मी चहा करून दिला. कात्री तशीच खिशात घेऊन तो संध्याकाळच्या एसटीने परत गेला.

आता पिसं आली आहेत. पहिल्यांदा तो कपाटावरून उडाला तो थेट पडद्यावर आपटला. इतकी वर्षं न वापरलेली छाती, लगेच धाप लागायची. हळूहळू वळायला शिकला. आता सकाळी मी हाक मारली की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतो आणि माझ्या खांद्यावर बसतो. घरात इतकी वर्षं पाखरू होतं, पण पंखांचा वारा माझ्या गालाला पहिल्यांदाच लागला. तेवढ्या वेळापुरती माझी तुमच्यावरची चीड कमी होते आणि मग दुप्पट होते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही हसला असता. काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. केंद्रात जागा झाली आहे, पिसं आली का सगळी, असं विचारत होत्या. मी म्हटलं, डाव्या पंखातलं एक अजून यायचंय. खरं तर यायचं एकही राहिलेलं नाही, आबा.