बिननवसाचं मागणं

भिलाई, माघ वद्य पंचमी

ठकू, तुले तुझ्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. पत्र पुरतं वाच, मग काय रडायचं ते रड.

माझ्या नरहरीचा मुदतीचा ताप उतरून राहिला. आज अकरावा दिवस. काल वाटीभर पेज प्याला. पोलादाच्या प्लांटातून त्याले रजाही मिळाली. तू धावत येऊ नको.

शेजारच्या क्वार्टरात मरियम्मा नावाची केरळची ख्रिस्ती बाई आहे. रोज येते, नरहरीच्या उशाशी डोळे मिटते आणि देवाले म्हणते, "पिताजी, आपका बच्चा है, संभालो." मी विचारलं, "नवस काय बोलली?" तर हसली. "अम्मा, बाप से मांगने में नवस काहे का?"

मले हे पटत नाही. फुकट देणारा देव आणि दुसऱ्याच्या पोरासाठी मागणारी बाई, दोघांवर मी डोळा ठेवून आहे. काल वाटी घेऊन आली. म्हटलं, आता निघते हिचं खरं मागणं. मागितलं काय, तर विरजण!

आपल्या बाबांपुढे आपण कधी तोंड उघडलं का? बांगड्या पाहिजे तरी आईच्या मागं लपून तिलेच बोलायला लावत होतो.

तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? कुलदेवीले नारळ तेवढा बोलून ठेव.

आज सकाळी नरहरीचं अंग घडीभर पुन्हा तापलं. मरियम्मा आली नव्हती, म्हणून मीच डोळे मिटून देवाले एकदा "बाबा" म्हणून पाहिलं. कोणाले सांगू नको. पुढचं बोलायला आईले शोधत राहिली.

तुझी,
राधाबाई