मेल्यानंतर घेतलेली जमीन

२ सप्टें., मंगळ.
तिसरी फेरी, तिसरी सुट्टी, हाती शून्य. ओहायोतल्या डब्लिनपासून दोन तास ड्राइव्ह, मग काउंटी ऑफिसचं बेसमेंट, जमीनखरेदीची पाटाएवढी रजिस्टर्स. विष्णू, म्हणजे पणजोबांचा धाकटा भाऊ, इंग्रजांच्या काळात शेती शिकायला ओहायोत आलेला. कुठेच नाही. घरच्या कुलवृत्तांतात त्याची एकच ओळ: "शिक्षणार्थ अमेरिकेस गेले. तेथेच निधन. वंश नाही." पुढे तिथी नि साल. त्या वर्षापर्यंतचं प्रत्येक पान बघितलं. दोनदा.
पूर्वा (रूममेट): "यार, लोक सुट्टी घेऊन नायगारा बघतात."

४ सप्टें., गुरु.
परत गेले. बॉसला डेंटिस्ट सांगितलं.
काउंटरवर डोना होती, तिथलीच जुनी क्लार्क. तिने विचारलं, याच वर्षापाशी का थांबतेस? मी म्हटलं, तो वारला ना त्या वर्षी. तिने पुढचं रजिस्टर काढलं, मग त्याच्या पुढचं.
सापडला!!!
चाळीस एकर आणि एक बार्न, म्हणजे शेतावरचं कोठार. घेणारे: विष्णू आणि त्याची बायको एथेल. निधनानंतर नऊ वर्षांनी.
डोना: "हनी, इथे बरंच काही बघितलंय मी. मेलेला माणूस जमीन घेताना पहिल्यांदाच."
पार्किंगमध्ये एकटीच हसत होते. काका किती खूश होतील!

५ सप्टें., शुक्र.
मुकुंदकाका खूश नाहीत. (बाबांचे चुलतभाऊ, साताऱ्याचे. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तेच काढतायत.) खरेदीखताचा फोटो पाठवून फोन केला.
"अगं, ती तिथी घटश्राद्धाची."
म्हणजे काय? इंग्लिश मीडियमवाली मी, मला काय माहीत.
"मडमेशी लग्न केल्याचं पत्र आलं त्याचं. मग त्याच्या वडिलांनी पाण्याचा घट पायाने लवंडला, आंघोळ केली. माणूस गेला असं धरायचं."
जिवंत माणसाचं श्राद्ध! आणि काकांना माहीत होतं. दोन वर्षं प्रत्येक फेरीचं सांगतेय त्यांना, आणि हे "छान, चालू दे."
"सांगितलं का नाहीत?"
"तू विचारलंस कुठे? बरं, २२ तारखेला पुस्तक प्रेसला जातंय. आता काही हलवू नकोस."


९ सप्टें., मंगळ.
डोनाने विष्णूच्या मृत्युपत्राची फाइल काढून ठेवली होती. दोन मुली! जमीन आजही त्याच्या नातीच्या नावावर. मार्था. तिला पत्र टाकलं, मी कोण, काय, सगळं. घटश्राद्ध सोडून.
काकांना म्हटलं, वंश नाही हे खोटं आहे, दोन मुली होत्या.
"मुलीच ना? मुलींचा वंश धरत नाहीत आपल्यात."
फोन ठेवला. मोठ्या माणसाचा, आयुष्यात पहिल्यांदा. मग पुस्तकात बाबांची ओळ काढली. "एक कन्या." नाव नाही.

१३ सप्टें., शनि.
काकांना ईमेल केली. खरी मृत्यूची तारीख, एथेल, मुली, आणि घरच्यांनी काय केलं ते. फक्त चार ओळी हव्यात.
काका: "भावना समजतात. पण पुस्तक घराघरांत जाणार. त्याच्या वडिलांची बदनामी कशाला?"
त्यांची नको. विष्णूला मेलेला छापलेलं चालतं!

२० सप्टें., शनि.
मार्थाचं पत्र. थरथरतं अक्षर.
आजोबा दर वर्षी फॉलमध्ये एक दिवस बार्नच्या छपरावर भात नि खिरीचं ताट ठेवायचे. कावळा येईपर्यंत कोणाला जेवू द्यायचे नाहीत. विचारलं तर एवढंच, माझ्या वडिलांसाठी. आम्ही अजून ठेवतो, लिहिते, पण का ते माहीत नाही. तुला माहीत आहे?
सोबत फोटो. ताट, छप्पर, मागे मका.
ज्या बापाने जिवंतपणी मारलं, त्याच बापाला हा माणूस... नाही लिहवत. कोणावर चिडू आता? विष्णूवरही राग येतोय.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
काकांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रूफ टाकलं. "चुका असल्यास उद्या सकाळपर्यंत कळवा." तीच ओळ, तीच तिथी. तिथल्या तिथे फोटो टाकला, पत्र मराठीत करून टाकलं, खाली लिहिलं: ही चूक. सगळ्यांसमोर. काढू देत ग्रुपमधून.
तासाभराने काकांचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकटीला: "खीर तांदळाची होती का?"
बस. ओळ बदलतायत की नाही, त्यावर एक शब्द नाही.
मार्थाला विचारायला हवं. पण तिच्या पत्राच्या शेवटी ता.क. आहे: तिकडे आजोबांच्या घरचे आजोबांसाठी असं करायचे का?
केलं होतं. एकदाच. एथेल घरात असताना, तो शेतात राबत असताना.
सकाळपासून कागद समोर आहे. "डिअर मार्था" एवढं झालंय.