वरची मूठ

प्रिय नाना,

“पुणे इज नॉट वर्थ इट.” बावीस वर्षांपूर्वी मखमलाबादच्या आपल्या ओट्यावर झेंडूचे हार ओवता ओवता तुम्ही मला हे म्हणालात. काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, “त्या दिवशी ते काय छान इंग्रजी बोलले होते गं! काय म्हणाले होते, एकदा परत सांग ना.” म्हणून लिहितेय. तिला काय सांगू?

ते इंग्रजी माझंच होतं. रामकुंडाजवळ आपल्या फुलांपाशी परदेशी पाहुणे थांबायचे आणि तुम्हाला ‘टेन रुपीज’च्या पुढे काही यायचं नाही. मी आठवीत होते. पुठ्ठ्यावर मराठी अक्षरांत लिहून दिलं : चीपर दॅन द अदर शॉप. गुड व्हॅल्यू फॉर मनी. वर्थ इट, मॅडम! तुम्ही ते मळ्यात पाणी भरताना पाठ केलंत. शेजारचा फुलवाला चिडवायचा, “नानाशेठ, लंडनला दुकान टाकता का काय?” तुम्ही म्हणायचात, “मास्तरीण घरातच हाय माझी!” केवढी फुगायचे मी!

आणि गिऱ्हाइकाला किती द्यायचात! फुलं तोलून झाली की वर एक मूठ ठरलेली. “वरचं घातल्याबिगर गिऱ्हाईक सोडायचं नाय.”

पुण्याला एम.ए.ला माझा नंबर लागला तेव्हा ती मूठ कुठे गेली? होस्टेलचा खर्च आणि चालून आलेलं स्थळ तुम्ही शेजारी शेजारी ठेवलंत. “मॅरेज इज चीपर. गुड व्हॅल्यू.” इंग्रजीत का, नाना? समोर बसलेल्या आईला कळू नये म्हणूनच ना? कळलं असतं तर ती माझ्यासाठी भांडली असती. ती मात्र कौतुकाने बघत होती. “काय म्हणतात गं?” तिने विचारलं.

“पुढच्या वर्षी बघू, म्हणतात,” मी सांगितलं.

तुम्ही मान वर केली नाहीत. पुढचं फूल सुईत ओवलंत.

ते पुढचं वर्ष आलंच नाही. संसार वाईट झाला असं नाही. पण माझा भाव मला ऐकायचा नव्हता, तोही मीच शिकवलेल्या शब्दांत! आता गंगापूर रोडला इंग्रजीचे क्लास घेते. किमतींच्या तुलनेचा धडा आला की मुली एका सुरात म्हणतात, “वर्थ इट!” मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. तुम्हाला कधी आठवलं का हो ते? एकदा तरी?

आईला खरा अर्थ सांगणार नाही, हा माझा शब्द. उद्याही तेच सांगेन, पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते.

फक्त एकदा स्वप्नात या आणि मराठीत म्हणा, “पोरी, चुकलं माझं.” वरची मूठ समजून घाला. नाही म्हणाल, ठाऊक आहे. घासाघीस करणाऱ्या बाईला म्हणायचात तेच म्हणाल, “फिक्स्ड प्राइस, मॅडम.”

तेही मीच लिहून दिलं होतं.

तुमची मास्तरीण,
वैशाली